चिनी बास्केटबॉल संघटनेस खुले पत्र: उंच पोरांना घडायला वेळ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष गुओ झेनमिंग आणि सर्व पदाधिकारी,
चिनी बास्केटबॉल संघटना, बीजिंग

विषय: वाढीच्या वयातल्या उंच खेळाडूंची ताकद, विश्रांती आणि पुढची कारकीर्द

महोदय,

मी मूळचा नागपूरचा, आता ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगग्वानचा रहिवासी. योग शिकवतो. तुमच्या देशात भारतीय योगशिक्षकांना मागणी वाढली तेव्हा जे इकडे आले त्यांतला मी एक. माझ्याकडे सुरुवातीला येत त्या पाठदुखीने बेजार झालेल्या ऑफिसातल्या बायका. पण डोंगग्वान हे बास्केटबॉलचं शहर. अकरा वेळा लीग जिंकलेला ग्वांगडोंग सदर्न टायगर्सचा संघ इथला. 2019 च्या विश्वचषकाचे काही सामने इथेच झाले. कारखान्यांच्या वसाहतीतही संध्याकाळी रिंगखाली जागा मिळत नाही. त्यामुळे हळूहळू माझ्या वर्गात दारातून वाकून यावं लागणारी पोरं दिसू लागली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची कंबर धरते, कुणाचा घोटा सारखा मुरगळतो.

नागपुरात मी कॉलेजात बास्केटबॉल खेळलो आहे आणि त्याआधी आखाड्यात जोर-बैठका मारल्या आहेत. म्हणून या पोरांना पहिल्या दिवशी मी आसनं शिकवत नाही, नुसती बैठक मारायला लावतो. टाचा उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, पाठ पुढे कलंडते. एका पायावर उभं केलं की घोटा थरथरतो. ही पोरं दिवसातून दोन-दोन वेळा सराव करणारी आहेत. इतकी पळतात, इतक्या उड्या मारतात, आणि स्वतःच्याच शरीराचं वजन पेलायची ताकद पायांत नाही!

हे बरेच दिवस बघत होतो, गप्प होतो. परदेशी माणसाने कशाला नाक खुपसा, असंही वाटायचं. पण वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी संपल्यावर पंधरा वर्षांचा, 198 सेंटीमीटर उंचीचा एक मुलगा माझ्याकडे आला. दोन्ही नडग्या दाबल्या तरी कळवळत होता. तो ज्या क्रीडाशाळेत शिकतो तिथे, उंची अजून किती वाढेल हे बघण्यासाठी, त्याच्या मनगटाचा एक्स-रे वरचेवर काढला जातो. नडगीचा एक्स-रे मात्र कुणी काढला नव्हता. तो शेवटी आईने पदरच्या पैशाने काढून घेतला. हाडाला बारीक तडा होता. त्या अवस्थेतच त्याला आदल्या आठवड्यात पळण्याच्या चाचणीला उभं केलं होतं, आणि तो उत्तीर्णही झाला होता. शाळेचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका शाळेला धरून बडवावं असा हा प्रकार नाही, म्हणून तर पत्र तुम्हाला लिहितो आहे.

म्हणणं एवढंच आहे: तुमची व्यवस्था उंची शोधण्यात जगात कुणाला हार जाणार नाही, पण त्या उंचीखाली ताकद घडवायला जी वर्षं लागतात ती द्यायला ती तयार नाही. मग ते पोर अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या दारात उभं राहतं तेव्हा तिथले लोक त्याचं कसब बघून खूश होतात आणि खांदे-मांड्या बघून मान हलवतात.

माझ्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार निवडीबद्दल. पुढे एनबीए गाजवलेल्या याओ मिंगला नवव्या वर्षी शांघायच्या शूहुई जिल्ह्यातल्या क्रीडाशाळेत घातलं गेलं. आई फांग फेंगदी राष्ट्रीय संघाची कप्तान, वडीलही खेळाडू. मुलगा उंच होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तीच पद्धत आजही पायाशी आहे: आईबापांची उंची, मनगटाची हाडं, हातांचा पल्ला, आणि मग पोराला थेट सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूच्या, जागेवर उभं करायचं. खेळाचं शिक्षण तिथून सुरू होतं, शरीराचं शिक्षण सुरूच होत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची सर्वांत वेगाने वाढते तेव्हा हाडं आधी लांबतात आणि स्नायूंची ताकद मागून येते. मधल्या काळात पोर अवघडलेलं असतं, तोल सांभाळता येत नाही, गुडघ्याखाली दुखतं. शेवगा भराभर वाढतो आणि शेंगांच्या भारानेच त्याची फांदी मोडते, तसली ही वाढ. या काळात उड्या कमी करून हळूहळू वजनाचे व्यायाम शिकवायला हवेत. क्रीडाशाळांतून येणारी पोरं मला सांगतात ते नेमकं उलटं: उड्या वाढतात, आणि वजन उचलायचं नाही कारण उंची खुंटते.

उंची खुंटते ही समजूत माझ्या नागपुरातही घरोघरी आहे, त्यामुळे तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. पण ती खोटी आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने मुलांची वाढ थांबत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. तुमच्याकडे भारोत्तोलनाचे ऑलिम्पिक विजेते रांगेने आहेत. त्यांचे प्रशिक्षक त्याच प्रांतांत, बरेचदा त्याच आवारात असतात. बास्केटबॉलच्या पोराला वीस मीटर पलीकडे नेऊन बैठक कशी मारायची एवढं शिकवायला कोणती अडचण आहे, हे मला कधीच उमगलेलं नाही.

दुसरी तक्रार चाचण्यांबद्दल. सतरा वेळा मैदानाची रुंदी पार करायची ती चाचणी चीनमधल्या प्रत्येक बास्केटबॉलप्रेमीला पाठ आहे. रुंदी 15 मीटर, म्हणजे अंतर 255 मीटर, आणि वेळ साधारण मिनिटभराची. कागदावर हे निरुपद्रवी वाटतं. पण सतरा वेळा पार करायचं म्हणजे सोळा वेळा पूर्ण वेगातून थांबायचं आणि उलट वळायचं. 1.85 मीटरच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला, ते जमून जातं. 2.15 मीटरच्या पोराचे घोटे आणि गुडघे प्रत्येक वळणाला काय सोसतात याचा हिशेब कुणी मांडला आहे का? शिवाय या चाचणीतून दम कळतो. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठीशी 120 किलोचा माणूस रेटत असताना जागा न सोडण्याची जी ताकद लागते ती यातून कळत नाही.

लीगमध्ये ही चाचणी कधी कडक झाली, कधी बाजूला पडली, तरी तिच्यामागचा विचार हलला नाही. मागे कुठेतरी 1964 सालचं ते सूत्र अजून उभं आहे: कठीण सराव, कडक शिस्त, सामन्यासारखी परिस्थिती आणि भरपूर भार. जपानी व्हॉलीबॉल प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांच्या सरावाच्या पद्धतीवरून ते आलं. त्या सूत्राने त्या काळात काम केलं असेल, मी नाकारत नाही. पण 2020 मध्ये छिंगदाओच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धेत प्राथमिक फेरीत सर्वांत वेगाने पोहलेल्या काही जणांना अंतिम फेरीतून वगळलं गेलं, कारण जमिनीवरच्या शारीरिक चाचणीत त्यांचे गुण कमी भरले. पोहणं तुमच्या खात्यात येत नाही, ठीक आहे. पण शरीर घडवण्याऐवजी शरीराची परीक्षा घेत राहण्याची ही सवय तुमच्या खात्यातही तीच आहे.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. एनबीएचा हंगाम संपला की राष्ट्रीय संघ खेळाडूंना ज्यांत बोलावून घेतो त्या उन्हाळ्यांबद्दल.

याओ मिंगचे आकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. ऑक्टोबर 2002 मध्ये तो बुसानला आशियाई खेळांचा अंतिम सामना खेळला, कोरियाकडून जादा वेळेत संघ हरला, आणि हंगामाच्या तोंडावर तो एनबीएच्या ह्यूस्टन संघात पोहोचला. पहिल्या तीन हंगामांत तो 82, 82 आणि 80 सामने खेळला. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाने तीन वर्षांत फक्त दोन सामने चुकवले. उन्हाळ्यात काय? राष्ट्रीय संघ: 2003 हार्बिनला आशियाई अजिंक्यपद, 2004 अथेन्स ऑलिम्पिक, 2005 दोहाला पुन्हा आशियाई अजिंक्यपद. पुढच्या तीन हंगामांतले सामने: 57, 48, 55. एप्रिल 2006 मध्ये डावा पाय मोडला, ऑगस्टमध्ये तो जपानला विश्वचषकात उभा होता. फेब्रुवारी 2008 मध्ये त्याच डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारा तडा) झालं, शस्त्रक्रिया करून स्क्रू घातले, आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खेळत होता. 2009 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तोच पाय पुन्हा तडकला. 2009-10 चा अख्खा हंगाम गेला. त्याच्या पुढच्या हंगामात पाच सामने. जुलै 2011 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तीस वर्षांचा होता. एकूण सामने 486.

2.29 मीटर उंचीच्या, 140 किलोच्या माणसाचा पाय उन्हाळे मोकळे मिळाले असते तर टिकलाच असता, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पायाच्या मधल्या त्या नॅव्हिक्युलर हाडाला रक्तपुरवठा मुळात कमी, तिथला तडा भरायला फार वेळ घेतो. पण कमी रक्त मिळणाऱ्या हाडाला आणखी कमी विश्रांती द्यायची, हे कुठलं शहाणपण? आणि याओलाही खेळायचंच होतं, हे उत्तर मला देऊ नका. घरच्या ऑलिम्पिकला कोणता खेळाडू नाही म्हणेल? म्हणूनच नाही म्हणण्याचं ओझं खेळाडूवर टाकायचं नसतं. ते काम डॉक्टरचं, आणि डॉक्टरचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा वरचा असायला हवा.

ज्याने हे सगळं आपल्या पायावर सोसलं तोच माणूस 2017 पासून 2024 पर्यंत तुमच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच्याविषयी मला आदर आहे, आणि त्याने विद्यापीठांतल्या खेळाडूंसाठी दारं मोठी केली हेही खरं. पण त्याच्याच काळात लाल आणि निळा असे दोन राष्ट्रीय संघ उभे राहिले आणि दुप्पट खेळाडूंचे उन्हाळे शिबिरांत गेले. उन्हाळ्यांचा प्रश्न त्याच्या हातूनही सुटला नाही. म्हणजे अध्यक्ष चांगला असून भागत नाही, नियम लागतो.

आता फ्रान्सकडे बघा. व्हिक्टर वेंबन्यामा 2023 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच उन्हाळ्यातल्या विश्वचषकातून त्याने माघार घेतली, शरीर तयार करायचं म्हणून. फ्रान्स त्या स्पर्धेत लवकर गारद झाला. त्याला देशद्रोही ठरवून संघाची दारं बंद झाली नाहीत. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच्यासह फ्रान्सने रौप्यपदक घेतलं. लहानपणापासून अनवाणी पायाच्या बोटांचे व्यायाम करत आलेला हा मुलगा 2025 च्या उन्हाळ्यात कुठे गेला होता? तुमच्याच हेनानमधल्या शाओलिन मंदिरात, भिक्षूंसोबत शरीर घडवायला. त्याच हेनानमध्ये झोऊ ची जन्मला. 2.16 मीटरचा, हात लांब, नेम चांगला, आणि अंगावर मांस नाही. 2016 मध्ये ह्यूस्टनने त्याला 43 व्या क्रमांकावर घेतलं, आणि दोन हंगाम मिळून त्याला वीस सामनेही मिळाले नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये त्याला मोकळं केलं.

2019 च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध शेवटच्या सेकंदांत त्याच्या हातून चेंडू गेला, सामना जादा वेळेत 79-76 असा हरला, आणि अख्ख्या देशाने त्याला धारेवर धरलं. एका चुकीच्या पासचा पंचनामा महिनोन् महिने चालला. ज्या व्यवस्थेने एवढ्या गुणी पोराला विशीपर्यंत काटकुळं ठेवलं तिचा पंचनामा मात्र झाला नाही.

इथे एक श्रेय तुम्हाला द्यायला हवं. जून 2025 मध्ये यांग हानसेन सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पोर्टलंडला गेला. याओ आणि यी जियानलियान यांच्यानंतर पहिल्या फेरीत निवडला गेलेला हा तिसरा चिनी खेळाडू. त्याला तुम्ही ऑगस्टमधल्या आशिया चषकासाठी बोलावलं नाही, पोर्टलंडमध्ये राहून शरीर तयार करू दिलं. आणि त्याच्याविना तुमचा संघ जेद्दाहमध्ये अंतिम फेरीत पोहोचला, ऑस्ट्रेलियाकडून 90-89, एका गुणाने हरला. आभाळ कोसळलं नाही. तेव्हा ही मेहेरबानी एकट्या हानसेनपुरती ठेवू नका.

त्या हानसेनबद्दलही एक विनंती. त्याला चीनचा योकिच म्हणण्याची हौस सगळ्यांना आहे. एनबीएच्या डेन्व्हर संघाचा सर्बियन सेंटर निकोला योकिच 2014 मध्ये 41 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि लगेच अमेरिकेला गेला नाही, आणखी एक वर्ष सर्बियात खेळला. नंतर डेन्व्हरमध्ये फेलिपे आइशेनबर्गर नावाच्या एकाच ताकद-प्रशिक्षकाने वर्षानुवर्षं त्याच्या शरीरावर काम केलं. लोकांना त्याचे पास दिसतात, ही मागची वर्षं दिसत नाहीत. हानसेनला पहिल्या-दुसऱ्या हंगामात किती मिनिटं मिळाली यावरून त्याचा निकाल लावू नका. त्याच्या मांड्या किती भरल्या ते बघा.

चौथी तक्रार थोडक्यात. तुमच्या लीगमध्ये शिट्टी फार लवकर वाजते. अंगाला अंग लागलं की फाऊल. घरी टाळ्या मिळवणारा सेंटर मग बाहेर गेला की भांबावतो, कारण तिथे तोच धक्का खेळाचा भाग मानला जातो. 2023 च्या विश्वचषकात सर्बियाकडून 105-63 अशी हार झाली, ते समजू शकतो. पण देश म्हणून 2011 मध्ये जन्मलेल्या आणि पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या दक्षिण सुदानकडून 89-69? तिथे तुमच्या संघाचा नेम चुकला म्हणावं तर रिबाऊंडसाठी जागा धरताना, स्क्रीन लावून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवताना, परत पळताना, प्रत्येक ठिकाणी अंगबळाचा फरक दिसत होता. शेवटी संघ 29 व्या स्थानी राहिला. 1984 पासून 2016 पर्यंत एकही ऑलिम्पिक न चुकवलेला तुमचा पुरुष संघ टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे नव्हता. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तुमच्याहून सरासरीने बुटक्या जपानने तुम्हाला 76-73 असं हरवलं. त्यांचा एनबीएत गेलेला रुई हाचिमुरा (तो त्या सामन्यात नव्हता) अमेरिकेत गोंझागा विद्यापीठात तीन वर्षं राहून घडला होता. वेळ दिला की काय होतं, ते शेजारीच दिसतं आहे.

पाचवी तक्रार बाहेर जाण्याच्या वाटेबद्दल. एनबीएत खेळलेला पहिला चिनी खेळाडू वांग झिझी 2002 मध्ये अमेरिकेतच सरावासाठी थांबला म्हणून राष्ट्रीय संघातून काढला गेला, आणि 2006 मध्ये परतला तेव्हा उमेदीची वर्षं गेली होती. 2021 मध्ये झोऊ चीला क्लबशी झालेल्या कराराच्या वादापायी ऑस्ट्रेलियाची लीग गाठावी लागली. गंमत अशी की तिथल्या आडदांड खेळात त्याला हवं होतं ते शिक्षण मिळालं. त्यातच 2020 मध्ये देशी खेळाडूच्या पगाराची कमाल मर्यादा 60 लाख युआन ठरली. बहुतेकांना ती रक्कम इतकी सुखाची वाटते की परदेशातल्या छोट्या लीगमध्ये, कमी पैशात, मार खात शरीर कमवायला कोण जाईल? गेला तो त्सुई योंगशी. ऑक्टोबर 2024 मध्ये एनबीएच्या ब्रुकलिन संघाने त्याला करारबद्ध केलं, आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या दुय्यम संघाकडून खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. लिगामेंट कुणाचंही तुटतं, त्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. पण एकविसाव्या वर्षी धाडस करणारा पोरगा असा जायबंदी होतो तेव्हा त्याचे उपचार, पुन्हा उभं राहणं, मायदेशातली जागा याची हमी संघटनेने घ्यावी. तसं झालं तर त्याच्या मागचा दुसरा निघेल.

हे सगळं चिनी शरीराला जमतच नाही, असं सांगणारे लोकही मला इथे भेटतात. त्यांना मी तुमच्याच मुली दाखवतो. हान शू 2019 मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या न्यूयॉर्क लिबर्टी संघाकडे गेली तेव्हा वाऱ्याने हलेल अशी होती. 2022 मध्ये ती परत आली ती वेगळीच, रेटा सोसून वळणारी आणि बाहेरून तीन गुणांचे शॉट मारणारी. 2.01 मीटरच्या ली युएरूला तर ढकलून दाखवा! त्याच वर्षी सिडनीत तुमच्या मुलींनी विश्वचषकाचं रौप्यपदक आणलं. तेव्हा शरीराच्या जातीला दोष देणं बंद करा. पुरुषांच्या बाजूला जे होत नाही ते मुलींच्या बाजूला होऊ शकलं, यातून तुमच्या कचेरीने काहीतरी शिकायला हवं.

आणि मुलींचा विषय निघालाच आहे तर झांग झियू. 2007 चा जन्म, उंची 2.20 मीटरच्या वर. 2025 च्या जुलैमध्ये शेन्झेनला महिलांच्या आशिया चषकात ती वरिष्ठ संघातून खेळली. ती हात वर करते आणि चेंडू रिंगमध्ये सोडते, प्रेक्षक हसतात, व्हिडिओ जगभर फिरतात. मी मात्र तिचे पाय बघत बसतो. तिचं वय अजून शरीर घडण्याचं आहे. वरिष्ठ संघ, कनिष्ठ संघ, प्रांत, क्लब, या सगळ्यांनी तिला एकाच वर्षात बोलावलं तर तिचे किती सामने होतात आणि ते मोजणारं एक माणूस कोण, याचं उत्तर मला जाहीरपणे हवं आहे. याओच्या पायाची गोष्ट माहीत असलेल्या देशात हा प्रश्न एका योगशिक्षकाला विचारावा लागू नये.

आता हे मराठीत का लिहितो आहे ते सांगतो. नागपूर, पुणे, मुंबईच्या मैदानांवर आजही उंच मुलगा दिसला की प्रशिक्षक म्हणतात, चीनसारखं करायला हवं, लहानपणीच उचलायला हवा. 2014 मध्ये वुहानमध्ये भारताने चीनला 65-58 असं हरवलं तेव्हा आम्ही नाचलो होतो, पण अनुकरण तुमचंच चालू राहिलं. पंजाबातल्या खेड्यातला सतनाम सिंग चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला, 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर निवडला गेला, तरी एनबीएचा एक सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंचीच्या मागे धावण्याचा मोह आमच्याकडेही तेवढाच आहे. फरक इतकाच की आमच्याकडे क्रीडाशाळांचं तसलं जाळं नाही, त्यामुळे मोडणारी पोरं कमी. मराठी प्रशिक्षकांनी हे पत्र वाचावं आणि तुमच्या व्यवस्थेतलं काय उचलायचं नाही ते ठरवावं, हाही माझा हेतू आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूचे वर्षातले सामने आणि शिबिराचे दिवस यांवर लेखी कमाल मर्यादा घाला. ती सर्व संघांना मिळून एकच असावी. प्रांताने वेगळी आणि राष्ट्रीय संघाने वेगळी मोजायची नाही.

2. वर्षातून सलग किमान आठ आठवडे स्पर्धेविना. एनबीए किंवा दुसऱ्या परदेशी लीगमध्ये गेलेल्या खेळाडूला पहिल्या दोन उन्हाळ्यांत राष्ट्रीय संघाला नाही म्हणता यावं, आणि त्याबद्दल कुणी त्याला जाब विचारू नये.

3. प्रत्येक क्रीडाशाळेत ताकद-प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट. दोघांनाही पोराला मैदानाबाहेर बसवण्याचा अधिकार हवा, आणि मुख्य प्रशिक्षकाला तो निर्णय फिरवता येऊ नये. हा अधिकार नसेल तर नेमणुका करूच नका, नुसते पगार जातील.

4. पळण्याच्या एका चाचणीवर पोरांचा निवाडा करणं थांबवा. बैठक, एका पायाचा तोल, उडी मारून नीट उतरणं, खांद्याची ताकद, हे दर तीन महिन्यांनी मोजा आणि पोराची तुलना त्याच्या आधीच्या आकड्यांशी करा. दुखऱ्या पोराला चाचणीला उभं करणाऱ्या शाळेची मान्यता त्या वर्षापुरती काढून घ्या.

5. बारा ते पंधरा वयात कुणालाही कायमचा सेंटर ठरवू नका. उंच पोरालाही चेंडू घेऊन पळू द्या, पडू द्या, उठू द्या.

6. कनिष्ठ आणि वरिष्ठ दोन्ही लीगच्या पंचांसाठी आंतरराष्ट्रीय सामन्यांची मोजपट्टी लावा, म्हणजे अंगाशी अंग भिडवून खेळायची सवय घरीच लागेल.

7. परदेशात दुखापत झालेल्या खेळाडूचा उपचारखर्च आणि परतीची जागा याची हमी, विम्यासह.

यातल्या कशालाही नवीन स्टेडियम लागत नाही. पैसा तुमच्याकडे आहे, डॉक्टर आहेत, आणि उंच पोरं तर जगात कुणाकडे नसतील इतकी आहेत. पुढच्या हंगामाच्या नियमावलीत यातलं काय आलं ते मी वाचेन, आणि नाही आलं तर पुन्हा लिहीन.

या पत्राची चिनी प्रत तुमच्या बीजिंगच्या कचेरीत स्वतंत्रपणे पाठवली आहे. तिच्यासोबत वाढीच्या वयातल्या उंच मुलांसाठी मी वापरतो तो व्यायामाचा तक्ता जोडला आहे: बैठका, जोर, पायाच्या बोटांचे आणि घोट्याचे व्यायाम, सगळे बिनसाहित्याचे. कोणत्याही शाळेने तो छापून भिंतीवर लावावा. मोबदला नको, नावही नको.

कळावे,

एक नागपूरकर योगशिक्षक
डोंगग्वान, ग्वांगडोंग